खंडेनवमीला बदललेला सेल

तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं, हळूहळू का होईना, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लवकर झालं असतं. माझं सगळं शिक्षण त्या भाषेत झालं आणि तीस वर्षं मी मुलांना तीच शिकवली. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार इस्त्री केल्यासारखी उतरतात, आणि जे सांगायचं आहे ते तसं नाही.

सांगायचं आहे ते एवढंच, की ज्या गेमला हात लावणार नाही असा मी शब्द दिला होता, त्याला मी हात लावला. थोरलीला हे माहीत आहे. धाकट्याला अर्धंच माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुमच्या बाबांच्या लहानपणीचं एक हातात धरून खेळायचं यंत्र आमच्या कपाटात होतं, करड्या रंगाचं, विटेएवढं जड. त्याच्याबरोबर एकच गेम होता. ग्रीक पुराणातल्यासारखी गोष्ट. एका कोळ्याची मुलगी चक्रव्यूहात शिरते आणि बैलाच्या डोक्याच्या राक्षसाच्या तावडीतून भावाला सोडवून आणते. तुमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा आबांनी ते यंत्र शोधून काढलं, सुरू करून दाखवलं, आणि थोरलीने चार दिवसांत गेम संपवला. मग म्हणाली, "आबा, ह्याचा दुसरा भाग पण आहे म्हणे."

आबांना कुणी "आहे म्हणे" असं म्हटलं की ते वस्तू आणेपर्यंत गप्प बसत नसत. चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. कुठला स्पेअर कुठल्या गल्लीत मिळतो हे त्यांना पाठ. काळेवाडीत रेडिओ, रिमोट आणि मोबाइल दुरुस्त करणारे एक भाई आहेत, त्यांच्याकडे त्यांनी निरोप ठेवला आणि दहाव्या दिवशी दुसरा भाग घरी आला. यंत्रात खोचायच्या बोटाएवढ्या काळ्या डबीत. भाईंनी ती उघडून आतला जुना सेल काढला होता आणि त्या जागी क्लिप बसवून तीत नवा सेल घातला होता.

दुसऱ्या भागात त्याच मुलीचा तोच भाऊ मृतांच्या नदीत वाहून जातो आणि ती त्याच्यामागे पाताळात उतरते. हे वाचून दाखवलं तेव्हा धाकटा म्हणाला, "हा किती वेळा हरवतो! त्याला घरी बांधून ठेवा ना." आबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

पाताळाला नऊ दारं. प्रत्येक दारामागे वेगळं संकट: पैलतीरी नेणारा नावाडी, तीन डोक्यांचा कुत्रा, जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो अशी बाई. पडद्यावरचं जुन्या वळणाचं इंग्रजी मी वाचून मराठीत सांगायची. बटणं थोरलीने दाबायची. आणि आबांनी नकाशे काढायचे. आलेखाच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीने, कारखान्यात जॉबचं, म्हणजे घडवायच्या भागाचं, ड्रॉइंग काढावं तसे. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट, तिच्यात शीट नंबर, आणि खाली "नॉट टू स्केल". त्यांची बोटं ताठ झाली होती, बटणं त्यांना जमत नसत. ते नुसते हुकूम सोडायचे.

"थांब. आधी मोज, मग उडी."

"आबा, तोपर्यंत तो मला खाऊन टाकेल!"

"खाऊ दे. मोजून मेलेलं बरं. पुन्हा चूक होत नाही."

जुलैच्या शेवटी तुम्ही परत निघालात तेव्हा तुम्ही नवव्या दारापर्यंत पोचला होतात. ते उघडायचं राहिलं. आबांनी यंत्र पिशवीत घालून कपाटात ठेवलं आणि म्हणाले, पुढच्या सुट्टीत.

फेब्रुवारीत आबा गेले. सकाळी दूध घेऊन जिना चढून आले, खुर्चीत बसले, आणि मी चहा गाळून बाहेर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तुमचे बाबा एकटेच येऊ शकले. तेराव्यानंतर थोरली फोनवर आली. रडली नाही. म्हणाली, "आजी, कपाटातल्या त्या गेमला हात लावू नकोस हं. आमचा सेव्ह आहे त्यात. मी येऊन तिथूनच खेळणार." मी म्हटलं, नाही लावणार. "प्रॉमिस?" "प्रॉमिस."

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागात कंपन्यांमधली यंत्रं बंद ठेवून धुतात, पुसतात, पाने-पकडी ओळीने मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. आबा तेच घरी करायचे. त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. मिक्सर, शिलाई मशीन, ड्रिल, पंपाची मोटर, टॉर्च, सगळी घड्याळं. ज्यात सेल आहे त्याचा सेल काढायचा, टोकं कापसाने पुसायची, नवा घालायचा. यंत्र थंड आणि मोकळं असल्याशिवाय त्याला कुंकू लावायचं नाही, हा त्यांचा नियम.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, वर्षाच्या आत कसला सण करता?"

मी म्हटलं, "सण नाही करत. पुसते आहे."

"मग हे कुंकू?"

"ते यंत्राला. मला नाही."

पहिल्यांदाच मी ते सगळं एकटीने केलं, यादीला खूण करत. टॉर्च उघडला तर सेल फुटून आत पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं. स्प्रिंग खाऊन गेलेली. आबा असते तर असं झालं नसतं. आणि तो टॉर्च हातात असताना मला त्या काळ्या डबीची आठवण झाली. तिच्यातही सेल आहे. तोही असाच फुटला तर? थोरली डिसेंबरमध्ये येणार, आणि उघडून पाहते तर आत बुरशी.

यादीत ती डबी नव्हती. मी माझ्या हाताने खाली लिहिली आणि मग तिच्यापुढे खूण करण्यासाठी ती उघडली. आबांचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला. सेल काढला, टोकं पुसली, त्याच नंबरचा नवा सेल आणवून बसवला. एका सरळ ओळीत सगळ्या वस्तू मांडून मला समाधान वाटलं. डबीला कुंकवाचं बोट लावलं.

दुपारी सहज यंत्र सुरू करून पाहिलं. तीन रिकाम्या ओळी. तिन्हींपुढे "नवा खेळ".

मी ते बंद करून पुन्हा सुरू केलं. पाच-सहा वेळा केलं. मग रिक्षा करून काळेवाडीला गेले.

भाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. "काकू, सेल काढला तुम्ही?"

"जुना झाला असेल म्हणून नवा घातला."

"अहो, जुना होऊ द्यायचा होता! अजून पाच वर्षं चालला असता. ह्या सेलवरच त्याची याददाश्त असते. सेल निघाला, याददाश्त साफ."

"काहीच करता येणार नाही?"

"मी रिपेरिंगवाला आहे काकू, मांत्रिक नाही." मग माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. "साहेब तर तासभर ह्या स्टुलावर बसून सगळं विचारून गेले होते. मी म्हटलं होतं, बदलायचा झाला तर इकडं आणा, दुसऱ्या सेलवर जोडून ठेवून बदलतो. लिहून पण घेतलं त्यांनी."

"कुठे?"

"ते मला काय माहीत. तुमच्याच घरात असेल."

घरातच होतं. नकाशांच्या वहीच्या शेवटच्या पानावर, अधोरेखित: सेल घरी बदलू नये. ती वही आबा गेल्यानंतर मी उघडलीच नव्हती. घरातला कागदन् कागद माझ्या ओळखीचा असतो असा माझा समज होता.

निघताना भाई म्हणाले होते, "पोरीला सांगून टाका, काकू. रडेल थोडी." मी सांगितलं नाही. रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "गेम आहे ना तसाच?" मी म्हटलं, "तसाच आहे." एवढी वर्षं वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना मी उभं केलं, आणि माझ्या तोंडून ते असं सहज निघालं.

मग मी ठरवलं की तुम्ही येईपर्यंत तो खरोखरच तसा करून ठेवायचा. नऊ आठवडे होते. रोज दुपारी जेवण आवरलं की खिडकीपाशी बसायचं आणि पहिल्या दारापासून खेळायचं. नाव घालायच्या जागी तुम्ही घातलं होतं तेच घातलं.

मला ते अजिबात जमत नव्हतं. पहिल्या आठवड्यात नावाड्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. अंगठे दुखायचे, रात्री त्यांना तेल चोळायची. कुत्र्याने मला किती वेळा खाल्लं त्याचा हिशोब नाही. आबा म्हणायचे ते खरं होतं, मोजून मेलं की पुन्हा तिथे चूक होत नाही, पण न मोजता मरण्याची मला फार सवय. हळूहळू मी नकाशे वाचायला शिकले. कुठे उडी, कुठे थांबायचं, कुठली भिंत पोकळ. चौथ्या शीटपासून त्यांनी काही ठिकाणी बारीक त्रिकोण काढले होते. खुलासा दिलेला नव्हता. मला वाटलं, इथे थांबून खेळ सेव्ह करायचा असेल. तसं मी करत गेले. प्रत्येक त्रिकोणापाशी थांबायचं, सेव्ह करायचं, पाणी प्यायचं. पुढच्या शीट्सवर त्रिकोण वाढत गेले होते. आठव्यावर तर ओळीने होते. मला वाटलं, खेळ अवघड होत गेला म्हणून.

तुम्ही यायच्या सहा दिवस आधी मी नवव्या दाराशी पोचले. यंत्र पिशवीत घातलं आणि कपाटात होतं तिथे ठेवलं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीने ते बाहेर काढलं. जमिनीवर मांडी घालून बसली. सुरू केलं आणि पाहतच राहिली.

"आजी, हे आमचं नाहीये."

"म्हणजे?"

"नावाच्या पुढे किती तास खेळलो ते येतं. आमचे एकतीस होते. इथे चौऱ्याऐंशी आहेत."

तो आकडा मी रोज पाहत होते. बाकी सगळं जुळवलं, पण तो काय सांगतो याचा विचार केला नव्हता.

"यंत्र जुनं आहे ग," मी म्हटलं. "चुकून सुरू राहिलं असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोठं माणूस खोटं बोलतं आहे हे कळल्यावर मुलं जसं पाहतात तसं. वर्गात मी ते पाहिलेलं होतं, पण तेव्हा खोटं बोलणारी मी नव्हते. तिने यंत्र बंद केलं आणि टेबलावर ठेवून दिलं. धाकटा म्हणाला, "मी खेळू?" ती म्हणाली, "खेळ. काय फरक पडतो."

दोन दिवस तिने त्याला हात लावला नाही. माझ्याशी नीट बोलली, पोळी वाढ म्हणाली, बाजारात बरोबर आली. मला ते जास्त जड गेलं.

तिसरा दिवस गुरुवार होता. वीज नव्हती, तुमचे बाबा धाकट्याला घेऊन चाकणच्या जुन्या मित्राकडे गेले होते. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं. टॉर्च, डबी, काळेवाडी, फोनवरचं खोटं, नऊ आठवडे. ती सोलत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, तू प्रॉमिस केलं होतंस.

ती म्हणाली, "तू सगळं स्वतः खेळलीस? कुत्रा पण?"

"कुत्रा पण."

"नकाशे बघून?"

"हो. त्रिकोणांपाशी थांबत थांबत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आजी, ते सेव्हचे नाहीत."

"मग?"

"आबांना दम लागला की ते हात वर करायचे. मी पॉज दाबायची. मग ते तिथे त्रिकोण काढायचे. म्हणायचे, हे माझं ब्रेकडाउन रजिस्टर, यंत्र कधी बंद पडलं त्याची नोंद."

मी हातातली शेंग ताटात ठेवली.

"जिन्यावर पण लागायचा. मी म्हटलं आजीला सांगते. ते म्हणाले, नको, ती उगीच घाबरेल. नववं दार उघडलं की मी स्वतः डॉक्टरला दाखवतो, तोपर्यंत तू कुणाला सांगायचं नाहीस." ती एका दमात बोलत होती, मटारांकडे बघत. "आणि आजी, शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम हळू खेळले. मला येत होतं. पण संपलं की सुट्टी संपणार असं वाटायचं. म्हणून मी मुद्दाम मरत होते."

दहा महिने हे तिच्या पोटात होतं. ज्या सेव्हवर तिचा एवढा जीव होता, तिथून पुढे जाऊन ते दार उघडलं की काहीतरी फिटेल असं तिला वाटत होतं. आणि तो मी कापसाने पुसून टाकला होता.

मी तिला जवळ घेतलं. काय बोलले ते नीट आठवत नाही, "तुझी चूक नाही" असंच काहीतरी, चार-पाच वेळा. असं वाक्य चारदा म्हटलं की त्यात काही राहत नाही. ती म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. प्लीज."

या वेळी मी शब्द दिला नाही. "सांगणार नाही" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. रात्रीपर्यंत विचार केला. अकरा वर्षांच्या मुलीला गप्प राहायला सांगून एक माणूस गेला होता. दुसऱ्याने तेच सांगायचं का? जेवणं झाल्यावर मी तिच्यासमोरच तुमच्या बाबांना सांगितलं. तिच्या पाठीमागे नाही.

बाबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा असा झाला की तो पाहून ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "म्हणून सांगत नव्हते मी!"

राहिलेले आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. विमानतळावर जाताना गाडीत धाकटा देहूरोडपासून खिडकीतून दिसतील ते ट्रक मोजत होता. आता रविवारी फोन येतो. ती पडद्यावर येते, अभ्यासाचं सांगते, जाते.

आता पुढचं थोरलीला. तुझे आबा गेल्यानंतर हॉस्पिटलात तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या हृदयाच्या नळ्या काही वर्षांपासून बंद होत आल्या होत्या. हे मी तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं, सुचलं नाही. तेव्हा क्रमाने लिहिते, कारण मला तसंच लिहिता येतं. डॉक्टरकडे जाणं हे आबांचं काम होतं. ते रिक्षा करून काळेवाडीला सेलची चौकशी करायला जाऊ शकत होते, दवाखाना त्याच रस्त्यावर आहे. एका मुलीच्या खेळावर त्यांनी आपलं दुखणं टांगून ठेवलं, ते त्यांनी चुकीचं केलं. मला त्यांचा राग येतो. त्यांच्यामागे चाळीस पायऱ्या मीही चढत होते. ते पहिल्या मजल्यावर थांबून कठड्याला हात लावायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, गंज बघतोय. मी तो गंज पुसायला बाई लावली. दम मला ऐकू आला नाही. तो भाग माझा.

तू हळू खेळलीस, कारण तुला इथे राहायचं होतं. त्या आठवड्यात ते रोज दुपारी चारलाच पेन्सिलीला टोक काढून बसायचे, तू झोपेतून उठायच्या आधी. तू मुद्दाम मरतेस हे त्यांना कळत नसेल असं तुला वाटतं का? टूलरूममध्ये ते जॉब हातात घेऊन केसभर फरक सांगायचे. मला वाटतं, त्यांना कळत होतं, आणि त्यांनाही ते संपवायचं नव्हतं. हे मी सिद्ध करू शकत नाही.

हे वाचून तुला मी चुकते आहे असं वाटलं, तर भांड माझ्याशी. रविवारची वाट पाहू नकोस. तुमची दुपार सरते तेव्हा इथे पहाट होते एवढं लक्षात ठेव, म्हणजे शाळेतून आल्यावर फोन केलास तरी चालेल. मी जागी असते.